लाइट गेल्यानंतर डेटाबेस सर्व्हरला कनेक्शन मिळत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं छोट्या ऑफिसांसाठी आहेत. विंडोज असलेला एक सर्व्हर, त्यावर मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर हे डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर (बहुतेक ठिकाणी फुकट मिळणारी एक्स्प्रेस आवृत्ती) आणि लॅनवर पाच ते वीस मशिन. मेडिकल, दवाखाना, पतसंस्था, डीलरचं गोदाम, शाळेचं ऑफिस, सगळीकडे साधारण हीच मांडणी असते. मेनू आणि कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना स्क्रीनवर दिसतं तेच स्पेलिंग वापरा.

लाइट आली, सर्व्हर चालू झाला, पण एकाही मशिनवर सॉफ्टवेअर उघडत नाही. सुरुवात कुठून करायची?

सर्व्हरच्याच खुर्चीत बसून. बाकीच्या मशिनवर जाऊन ‘कनेक्ट’चं बटण दाबत बसण्यात वेळ जातो आणि कळत काहीच नाही.

सर्व्हरवर मॅनेजमेंट स्टुडिओ (एसक्यूएल सर्व्हर हाताळायचा प्रोग्राम) उघडा आणि सर्व्हरच्या नावाच्या जागी टिंब, उलटी तिरकी रेघ आणि इन्स्टन्सचं (त्या मशिनवरच्या एसक्यूएल सर्व्हरच्या एका स्थापनेचं) नाव टाका, म्हणजे ‘.\एसक्यूएलएक्स्प्रेस’. हे कनेक्शन सर्व्हरच्या मेमरीतूनच होतं, केबल, स्विच, फायरवॉल कशाचाच त्यात संबंध येत नाही. इथेच काम फसलं तर दोष सर्व्हिसमध्ये (पडद्यामागे चालणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये) किंवा डिस्कमध्ये. इथे जमलं आणि आपला डेटाबेस उघडून आतली टेबलं दिसली, तर डेटा शाबूत आहे आणि दोष नेटवर्कमध्ये. तिसरी शक्यता अशी की कनेक्शन होतं, पण डेटाबेसच्या नावापुढे कंसात ‘इन रिकव्हरी’, ‘रिकव्हरी पेंडिंग’ किंवा ‘सस्पेक्ट’ लिहिलेलं दिसतं. या तीन वाटा पूर्ण वेगळ्या आहेत. आपण कोणत्या वाटेवर आहोत हे कळेपर्यंत कशालाही हात लावू नका.

या गडबडीत काय अजिबात करायचं नाही?

लाइट गेल्याने डेटाबेस कायमचा बिघडणं तसं कमी वेळा होतं. पुढच्या अर्ध्या तासात घाबरून केलेल्या उपायांनी तो बिघडणं जास्त वेळा. म्हणून ही यादी आधी:

- सर्व्हर पुन्हापुन्हा रीस्टार्ट करू नका. एसक्यूएल सर्व्हर सुरू होताना दर वेळी ‘एररलॉग’ नावाची नवी फाइल बनवतो आणि मूळ सेटिंगनुसार जुन्या फक्त सहा ठेवतो. सात-आठ वेळा रीस्टार्ट केलं की पहिल्या वेळी नेमकं काय झालं त्याचा पुरावाच पुसला जातो.
- एलडीएफ फाइल (डेटाबेसच्या व्यवहारांची नोंदवही) ‘फक्त लॉग आहे’ म्हणून उडवू नका. त्या फाइलशिवाय अर्धवट राहिलेले व्यवहार ना पुरे करता येत, ना मागे घेता येत.
- सस्पेक्ट दिसणारा डेटाबेस डिटॅच करू नका. बाहेर काढणं सोपं, पण तो परत अटॅच होईलच असं नाही.
- फाइलींची प्रत काढण्याआधी चेकडिस्क दुरुस्तीच्या पर्यायासह चालवू नका. चेकडिस्क फाइल सिस्टिम वाचवते. त्यासाठी तुमच्या एमडीएफ फाइलचा (मुख्य डेटा फाइलचा) तुकडा गेला तरी तिच्या लेखी दुरुस्ती झालेली असते.
- जुना बॅकअप त्याच डेटाबेसवर रिस्टोअर करू नका. नवं नाव देऊन शेजारी करा.

एररमधले आकडे काय सांगतात?

बरंच काही. एररचा फोटो काढताना आकडा कापला जाणार नाही एवढं बघा.

२६: इन्स्टन्स सापडला नाही. क्लायंटने (कनेक्ट करणाऱ्या मशिनने) सर्व्हरच्या यूडीपी १४३४ या पोर्टवर ‘हा इन्स्टन्स कोणत्या पोर्टवर आहे’ असं विचारलं आणि उत्तर आलं नाही. सर्व्हर नेटवर्कवर नाही, नाव चुकलं, ब्राउझर सर्व्हिस (इन्स्टन्सचा पोर्ट सांगणारी, इंटरनेटचा ब्राउझर नव्हे) बंद आहे किंवा फायरवॉल आडवी आली.

४० आणि सोबत ५३: त्या नावाचं मशिनच सापडत नाही. आधी केबल, मग आयपी पत्ता.

१००६०: वाट बघून वेळ संपली, कुणी हो-नाही काहीच म्हटलं नाही. पॅकेट वाटेतच गिळलं गेलं. बहुतेकदा फायरवॉल किंवा चुकीचा आयपी.

१००६१: मशिन सापडलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. सर्व्हिस बंद आहे किंवा पोर्ट बदलला आहे.

१८४५६: लॉगिन नाकारलं. हा आकडा आला तर खरं म्हणजे हायसं वाटायला हवं, कारण नेटवर्क आणि सर्व्हिस दोन्ही चालू असल्याशिवाय तो येत नाही. खरं कारण क्लायंटवर मुद्दाम दाखवत नाहीत, तिथे ‘स्टेट १’ एवढंच येतं. सर्व्हरच्या एररलॉगमध्ये त्याच ओळीपुढे खरा स्टेट असतो. स्टेट ८ म्हणजे पासवर्ड चुकला, स्टेट ५ म्हणजे तो युजरच नाही, स्टेट ३८ म्हणजे मागितलेला डेटाबेस उघडता आला नाही. लाइट गेल्यानंतर दिसतो तो बहुधा ३८. अशा वेळी पासवर्ड बदलून काही होत नाही, डेटाबेसची स्थिती बघा.

९२२: रिकव्हरी चालू आहे, थांबा. ९२६: सस्पेक्ट. ९४५: फाइल सापडत नाही किंवा मेमरी अथवा डिस्कची जागा कमी पडली.

सर्व्हिसच सुरू होत नाही. ‘स्टार्ट’ दाबलं की थोडा वेळ हिरवी पट्टी सरकते आणि एरर येते.

एररलॉग वाचा. ती साधी टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. सी ड्राइव्हवर प्रोग्राम फाइल्समध्ये मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरच्या फोल्डरात आपल्या इन्स्टन्सच्या नावाचं फोल्डर, त्यात एमएसएसक्यूएल आणि त्यात लॉग. वाचण्याआधी अख्खं लॉग फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. फाइलवर आजची वेळ नसेल तर सर्व्हिस तिथपर्यंत पोचलीच नाही. मग इव्हेंट व्ह्यूअरमधला ‘सिस्टिम’ लॉग बघा.

नेहमी सापडणारी कारणं अशी:

विंडोज एखाद्या सर्व्हिसला सुरू व्हायला ३० सेकंद देतं. लाइट आल्यावर जुनी हार्ड डिस्क, अँटिव्हायरसचं स्कॅनिंग आणि अपडेट एकाच वेळी झटापट करत असतात. त्यात ३० सेकंद उलटतात आणि विंडोज सर्व्हिसचा नाद सोडून देतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७००९ आणि ७००० असे आकडे दिसतात. असं असेल तर पाच मिनिटांनी हाताने ‘स्टार्ट’ केलं की सर्व्हिस निमूटपणे सुरू होते. कायमचा उपाय म्हणून सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ ठेवा, आणि ‘रिकव्हरी’ टॅबमध्ये पहिल्या दोन अपयशांना ‘रीस्टार्ट द सर्व्हिस’ निवडा.

ड्राइव्हचं अक्षर बदललं. डेटा दुसऱ्या डिस्कवर किंवा (कृपा करून असं करू नका) यूएसबी डिस्कवर असेल, तर सर्व्हर उठताना ती उशिरा जागी होते आणि ‘ई’ची ‘एफ’ होऊन बसते. फक्त आपला डेटाबेस तिथे असेल तर ‘रिकव्हरी पेंडिंग’ दिसतं. टेम्पडीबीचा (एसक्यूएल सर्व्हरच्या तात्पुरत्या कामाच्या डेटाबेसचा) मार्ग तिथला असेल तर सर्व्हिसच उठत नाही. डिस्क मॅनेजमेंटमधून जुनं अक्षर परत द्या आणि सर्व्हिस सुरू करा.

सर्व्हिसला लॉगऑन करता आलं नाही, एरर १०६९. सर्व्हिस एखाद्या विंडोज युजरच्या नावावर चालते आणि मध्यंतरी कुणीतरी त्या युजरचा पासवर्ड बदलला.

३४१७ म्हणजे मास्टर डेटाबेस (एसक्यूएल सर्व्हरची स्वतःची माहिती आणि लॉगिनं ठेवणारा) उघडला नाही. तो खरंच बिघडला असेल, पण त्याआधी दोन गोष्टी तपासा. डेटा फोल्डरवर सर्व्हिसच्या अकाउंटला परवानगी आहे का, आणि कुणी जागा वाचवायला ते फोल्डर कॉम्प्रेस तर केलं नाही ना. दोन्ही ठीक असेल तर मास्टरचा बॅकअप लागेल. तो नसेल तर सेटअपमधून सिस्टिम डेटाबेस नव्याने बांधावे लागतात. त्यात सगळी लॉगिनं जातात आणि आपले डेटाबेस पुन्हा अटॅच करावे लागतात. फाइली मात्र जागच्या जागी असतात.

पण पासवर्ड तर तीन महिन्यांपूर्वी बदलला होता. आजपर्यंत कसं चालत होतं?

कारण तीन महिन्यांत सर्व्हर एकदाही बंद झाला नव्हता. चालू सर्व्हिस पासवर्ड पुन्हा विचारत नाही, सुरू होतानाच विचारते. लाइट जाण्यावर ज्या दोषांचं खापर फुटतं, त्यांतले पुष्कळ आधीपासून आत दडलेले असतात, आणि लाइट गेल्याने फक्त पहिला रीस्टार्ट घडतो. एसक्यूएल सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये बदललेला पोर्ट किंवा बंद केलेलं टीसीपी-आयपी हेसुद्धा पुढच्या रीस्टार्टनंतरच लागू होतं. १८० दिवसांची इव्हॅल्युएशन आवृत्ती टाकून कुणी विसरला असेल, तर मुदत संपल्याचं त्या रीस्टार्टला कळतं. एररलॉगमध्ये तशी स्पष्ट ओळ असते. त्यामुळे ‘आज काय झालं’ याच्या जोडीने ‘मागच्या रीस्टार्टपासून काय काय बदललं’ हेही विचारा. उत्तर सहसा तिथे सापडतं.

सर्व्हरवर सगळं चालतं, बाकीच्या मशिनवर नाही.

सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ टाका आणि पत्ता बघा.

पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर सर्व्हर उठला तेव्हा राउटर झोपलेला होता. पत्ता द्यायला कुणी नाही म्हणून विंडोजने स्वतःच एक घेतला. अशा वेळी स्विचकडे जा. आठ पोर्टचा छोटा स्विच यूपीएसवर घ्यायचं हमखास राहून जातं, आणि लाइट परत येतानाच्या झटक्यात त्याचा अॅडॉप्टर उडतो. दिवे लागलेले नसतील तर अॅडॉप्टर बदला. व्होल्टेज आणि पिनची पोलॅरिटी लेबलवर छापलेली असते, ‘पिन बसते ना, मग चालेल’ असं करू नका.

पत्ता व्यवस्थित आहे पण कालच्यापेक्षा वेगळा, म्हणजे काल १९२.१६८.१.१० होता आणि आज १९२.१६८.१.१४, तर राउटरने नवा वाटला. क्लायंटच्या सेटिंगमध्ये जुना लिहिलेला आहे. सर्व्हरला कायमचा पत्ता द्या, पण राउटर ज्या टप्प्यातून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा. राउटर १००पासून २००पर्यंत वाटत असेल तर सर्व्हरला १० द्या. टप्प्याच्या आतला दिलात, तर लाइट गेल्यावर राउटर जुनं वाटप विसरतो आणि तोच पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला देऊन टाकतो. मग कनेक्शन कधी लागतं, कधी तुटतं. हा दोष शोधताना भलेभले दमतात.

चालू करायचा क्रम असा ठेवा: आधी राउटर आणि स्विच, दोन मिनिटांनी सर्व्हर, सर्व्हरवर डेटाबेस उघडलेला दिसला की मग बाकीची मशिन.

पिंग लागतं (म्हणजे सर्व्हर नेटवर्कवर उत्तर देतो), पत्ता तोच आहे, तरी १००६० येतं.

सर्व्हरवर नेटवर्कचं प्रोफाइल बघा. राउटर उठण्याआधी सर्व्हर उठला तर विंडोजला ओळखीचं नेटवर्क सापडत नाही. ते ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ म्हणून नोंदवतं आणि ‘पब्लिक’ प्रोफाइल लावतं. फायरवॉलमध्ये एसक्यूएलसाठी केलेला नियम बहुधा फक्त ‘प्रायव्हेट’ला लागू असतो. त्यामुळे नियम दिसतो, पण चालत नाही.

राउटर चालू असताना सर्व्हरचं नेटवर्क कार्ड डिसेबल करून पुन्हा एनेबल करा, प्रोफाइल सुधारतं. पुढे असं होऊ नये म्हणून नियम तिन्ही प्रोफाइलना लावा, पण ‘रिमोट अॅड्रेस’मध्ये ‘लोकल सबनेट’ निवडा. फायरवॉल अख्खी बंद करून काम चालू होतं, आणि मग ती तशीच बंद राहते. तपासण्यापुरती दोन मिनिटं बंद करायला हरकत नाही. लगेच चालू करा.

एरर २६ किंवा १००६१ येतं. पोर्ट बदलला असेल का?

शक्य आहे. डीफॉल्ट इन्स्टन्स १४३३ वर ऐकतो. नाव दिलेला इन्स्टन्स, उदाहरणार्थ एसक्यूएलएक्स्प्रेस, डायनॅमिक पोर्ट घेतो. सहसा तो जुनाच पोर्ट परत धरतो, पण सुरू होताना दुसऱ्या प्रोग्रामने तो बळकावला असेल तर नवा घेतो. क्लायंटला हा बदल ब्राउझर सर्व्हिसकडून कळायला हवा, आणि एक्स्प्रेसमध्ये ती बऱ्याचदा बंदच असते.

पोर्ट पक्का करून टाका:

१. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये नेटवर्क कॉन्फिगरेशनखाली आपला इन्स्टन्स निवडा. टीसीपी-आयपी ‘एनेबल्ड’ हवं. एक्स्प्रेसमध्ये मुळात ते बंद येतं.
२. प्रॉपर्टीजमध्ये ‘आयपी अॅड्रेसेस’ टॅब, अगदी खालचा ‘आयपी ऑल’ विभाग. ‘डायनॅमिक पोर्ट्स’चा रकाना पूर्ण रिकामा करा. शून्यसुद्धा ठेवायचं नाही, शून्याचा अर्थ ‘डायनॅमिक’ असाच होतो.
३. ‘टीसीपी पोर्ट’मध्ये १४३३ लिहा. त्याच सर्व्हरवर दुसरा इन्स्टन्स असेल तर त्याला वेगळा आकडा.
४. सर्व्हिस रीस्टार्ट करा. त्याशिवाय काहीच बदलत नाही.

क्लायंटमध्ये पत्ता आणि पोर्ट यांच्यामध्ये स्वल्पविराम द्यायचा असतो, विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं नाही: ‘१९२.१६८.१.१०,१४३३’. असं लिहिलं की ब्राउझर सर्व्हिसची गरजच उरत नाही.

क्लायंट मशिनवर मॅनेजमेंट स्टुडिओ नाही. तपासायचं कसं?

डेस्कटॉपवर रिकामी टेक्स्ट फाइल बनवा आणि तिचं एक्स्टेन्शन ‘यूडीएल’ करा. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दिसायला हवीत, नाहीतर फाइलचं नाव बदलतं, प्रकार नाही. तिच्यावर डबल क्लिक केलं की कनेक्शनची खिडकी उघडते. सर्व्हर, युजर, पासवर्ड भरून ‘टेस्ट कनेक्शन’ दाबा. इथे जमलं आणि बिलिंगमध्ये जमलं नाही, तर दोष त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग फाइलमध्ये आहे, आणि फोन सॉफ्टवेअरवाल्याला करायचा, हार्डवेअरवाल्याला नाही.

फक्त पोर्ट उघडा आहे का बघायचं असेल तर पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ला पत्ता आणि पोर्ट द्या.

‘इन रिकव्हरी’ दिसतंय. किती वेळ थांबायचं?

ते संपेपर्यंत. व्यवहार डेटा फाइलमध्ये उतरण्याआधी तो लॉगमध्ये लिहिला जातो. लाइट गेली तेव्हा बरीच पानं (डेटा फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे) मेमरीतच होती. आता सर्व्हर लॉग तीन टप्प्यांत वाचतो: आधी कुठवर काम झालं होतं ते पाहतो, मग लॉगमध्ये नोंदलेले बदल पुन्हा करतो, शेवटी जे व्यवहार पुरे झाले नव्हते ते मागे घेतो. एररलॉगमध्ये किती टक्के झालं, अंदाजे किती सेकंद उरले आणि तीनपैकी कितवा टप्पा हे ओळीओळीने येत राहतं. उरलेल्या सेकंदांवर फार विश्वास ठेवू नका, टक्के पुढे सरकताहेत एवढं बघा.

साध्या बिलिंगला हे काम सेकंदांत किंवा काही मिनिटांत होतं. वर्षअखेरीचं पोस्टिंग चालू असताना लाइट गेली असेल तर मागे घ्यायलाही तेवढाच किंवा जास्त वेळ लागतो. कंटाळून मध्येच बंद केलंत तर सगळं पहिल्यापासून.

‘रिकव्हरी पेंडिंग’ आणि ‘सस्पेक्ट’ यांत फरक काय?

पेंडिंग म्हणजे रिकव्हरी सुरूच करता आली नाही. फाइल जागेवर नाही, परवानगी नाही, डिस्क भरली. अडथळा काढून डेटाबेस ‘सेट ऑनलाइन’ केला की बहुतेकदा जसाच्या तसा मिळतो.

सस्पेक्ट म्हणजे रिकव्हरी सुरू झाली आणि मध्येच काहीतरी वाचता आलं नाही. एररलॉगमध्ये ८२३ असेल तर डिस्कने वाचायलाच नकार दिला. ८२४ असेल तर डिस्कने वाचून दिलं, पण आलेलं पान चुकीचं आहे. डिस्क मरायला टेकली आहे, किंवा तिच्या कॅशमधला डेटा लाइट जाताना हवेत विरला. रेड कार्डाची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) बॅटरी मेलेली असणं हे यामागचं नेहमीचं कारण. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसी टॅबवर ‘राइट-कॅश बफर फ्लशिंग बंद करा’ या अर्थाच्या चौकोनात वेग वाढावा म्हणून कुणी टिक केली असेल, तर ती आधी काढा.

सस्पेक्ट आहे आणि बॅकअप पंधरा दिवसांपूर्वीचा. आता?

सर्व्हिस थांबवा. एमडीएफ, एलडीएफ आणि असल्या तर एनडीएफ (जादा डेटा) फाइली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. कॉपी होतानाच डिस्क अडखळत असेल तर तिथेच थांबा आणि डिस्कवाल्या तज्ज्ञाकडे द्या. मरणाऱ्या डिस्कवर केलेला प्रत्येक प्रयोग महाग पडतो.

डेटाबेस ‘फुल’ रिकव्हरी मॉडेलमध्ये (लॉग बॅकअप घेईपर्यंत व्यवहारांची नोंद राखणाऱ्या सेटिंगमध्ये) असेल, त्याचा फुल बॅकअप आणि नंतरचे लॉग बॅकअप साखळी न तुटता हाताशी असतील, तर ‘नो ट्रंकेट’ पर्यायासह शेवटच्या लॉगचा बॅकअप घेता येतो. एलडीएफ शाबूत असेल तर लाइट जाण्याच्या क्षणापर्यंतचा डेटा परत येतो. एक्स्प्रेसमध्ये नवा डेटाबेस मुळात ‘सिंपल’ मॉडेलमध्ये बनतो, त्यामुळे बहुतेकांपाशी ही वाट नसते.

उरतो शेवटचा उपाय. डेटाबेस ‘इमर्जन्सी’ मोडमध्ये आणा. आधी जी टेबलं वाचता येतात ती नव्या डेटाबेसमध्ये काढून घ्या. त्यानंतर ‘सिंगल युजर’ करून ‘डीबीसीसी चेकडीबी’ दुरुस्तीच्या पर्यायासह चालवा. त्या पर्यायाच्या नावातच ‘अलाउ डेटा लॉस’ आहे, आणि ते शब्दशः घ्यायचं. बिघडलेलं पान तो सरळ काढून टाकतो. एका पानात ८ केबी असतात, म्हणजे बिलाच्या कित्येक ओळी. नंतर ‘चेककन्स्ट्रेंट्स’ चालवा, कारण दुरुस्तीला टेबलांमधली नाती कळत नाहीत: बिलाचा मथळा राहतो आणि आतला माल गायब, किंवा उलट. शेवटी ‘मल्टी युजर’ करा आणि ताबडतोब फुल बॅकअप घ्या.

लाइट जाताना सेव्ह केलेलं शेवटचं बिल राहील का?

‘सेव्ह झालं’ असा निरोप स्क्रीनवर आला होता, तर राहायला हवं, अर्थात डिस्कने लिहिल्याचं खरं सांगितलं असेल तर. चक्र फिरत असताना लाइट गेली असेल तर नाही. ते पूर्णपणे मागे घेतलं जातं, अर्धं कधीच राहत नाही. मात्र सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने बिल आणि स्टॉक एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये (व्यवहारात) बांधले नसतील तर बिल आहे पण स्टॉक कमी झाला नाही, असं दिसू शकतं. शेवटची पाच छापील बिलं घेऊन पडताळून बघा.

बिल नंबर एकदम सुमारे हजाराने पुढे गेला. मधली बिलं उडाली का?

नाही. एसक्यूएल सर्व्हर २०१२पासून आयडेंटिटी रकान्याचे (ज्यात क्रमांक आपोआप पडतो त्याचे) आकडे मेमरीत आगाऊ राखून ठेवतो, साध्या ‘इंट’ प्रकारासाठी हजार आणि ‘बिगइंट’साठी दहा हजार. सर्व्हर नीट बंद केला तर न वापरलेले परत जमा होतात. लाइट गेली तर ते वाया जातात. २०१७पासून ‘आयडेंटिटी कॅश’ हे सेटिंग डेटाबेसपुरतं बंद करता येतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत ट्रेस फ्लॅग २७२ आहे.

मात्र जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे टॅक्स इन्व्हॉइसला सलग क्रमांक लागतो. तो आयडेंटिटीवर टाकणं हीच मूळ चूक. सॉफ्टवेअरवाल्याकडून बिल क्रमांकासाठी स्वतंत्र टेबल करून घ्या.

सर्व्हरची तारीख एकदम जुनी दाखवते.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला. ३ व्होल्टचा, नाण्याएवढा, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. रोज लाइट असताना तो संपल्याचं कळत नाही. बिलं चुकीच्या तारखेला पडू लागायच्या आत तारीख सुधारा. डोमेन (सगळ्यांची लॉगिनं एका सर्व्हरवरून तपासणारी मांडणी) असेल तर पाच मिनिटांहून जास्त फरकाला विंडोजचं लॉगिनच नाकारलं जातं. सेल बदलल्यावर बायॉसमध्ये साटाचा (डिस्क जोडणीचा) मोड आधीचाच आहे ना ते बघा. रेडवरून एएचसीआयवर गेला असेल तर विंडोज उठणारच नाही आणि सगळ्यांना वाटेल की डिस्क गेली.

यूपीएस आहे, तरी सर्व्हर धाडकन बंद होतो.

६००व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते. कागदावर ८४ वॉट-तास, पण इतक्या वेगाने खेचली तर हाती साधारण निम्मेच येतात, त्यातूनही इन्व्हर्टर आपला वाटा घेतो. दीडशे वॉटच्या सर्व्हरला नव्या बॅटरीवर दहा-बारा मिनिटं समजा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत बॅटरी फुगते आणि दहा मिनिटांचे दहा सेकंद होतात. लेसर प्रिंटर त्याच यूपीएसवर असेल तर तो गरम होताना यूपीएस ओव्हरलोड होऊन पडतो.

यूपीएसच्या मागे यूएसबीचं पोर्ट असेल तर केबल सर्व्हरला जोडा. बॅटरी उतरत आली की विंडोज स्वतः नीट शटडाउन करेल. ती केबल बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडून असते.

घरगुती इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवत असाल तर त्याचा मोड ‘यूपीएस’ ठेवा. सर्व्हरची एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पूर्ण भारावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरते आणि साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरचा पालट त्याहून हळू असू शकतो.

लाइट आल्यावर सर्व्हर आपोआप चालू होऊ द्यावा का?

बायॉसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ या अर्थाचा पर्याय असतो. पावसाळ्यात लाइट पाच मिनिटांत चार वेळा येते-जाते तिथे तो ‘ऑफ’ ठेवा आणि माणसाने येऊन चालू करा. रिकव्हरीच्या मध्ये पुन्हा लाइट जाणं हे सगळ्यात वाईट. रात्री रिमोटने काम होत असेल तर ‘ऑन’ ठेवा, पण मग दमदार यूपीएस हवा. मुंबईत लाइट जात नाही या भरवशावर राहणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२० आठवावा. त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास शहराचा मोठा भाग एकदम अंधारात गेला होता.

एक्स्प्रेसमध्ये आपोआप बॅकअप कसा घ्यायचा?

ठरल्या वेळी कामं चालवणारी एजंट सर्व्हिस एक्स्प्रेसमध्ये नसते. बॅकअपची कमांड एका फाइलमध्ये लिहा, ती ‘एसक्यूएलसीएमडी’ने चालवणारी बॅच फाइल करा आणि टास्क शेड्यूलरमध्ये रोज दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री लावा. कमांडमध्ये ‘चेकसम’ पर्याय हवाच, म्हणजे बिघडलेलं पान बॅकअपमध्ये गुपचूप जाणार नाही. फाइल त्याच डिस्कवर ठेवली तर तो बॅकअप नव्हे. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशिनवर रिस्टोअर करून बघा. तिथली आवृत्ती तीच किंवा नवी हवी, नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्यावर चढत नाही.

हे सगळं केलंय. खरंच चालेल का, ते कसं बघायचं?

शनिवारी संध्याकाळी काम संपल्यावर बॅकअप घ्या, सगळ्या मशिनवरून सॉफ्टवेअर बंद करा आणि यूपीएसची लाइट घालवा. घड्याळ लावा. यूपीएस किती मिनिटं टिकला, विंडोज स्वतः बंद झालं का, स्विच आणि राउटर जागे राहिले का, हे लिहून ठेवा. मग लाइट द्या आणि कुठेही हात न लावता शेवटच्या क्लायंटवर बिलिंग उघडेपर्यंत किती वेळ लागला तोही लिहा. लाइट घालवताना भिंतीतून प्लग उपटू नका. त्याने अर्थिंगही तुटतं. बोर्डावरचा स्विच किंवा एमसीबी बंद करा.